सुरुंग, परवाना आणि खरी नोंद

नोव्हेंबर 2025 मध्ये अवघ्या चार दिवसांच्या अंतराने देशाने दोन भीषण स्फोट पाहिले. 10 नोव्हेंबरच्या सायंकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट होऊन अनेक निरपराध नागरिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर 14 नोव्हेंबरच्या रात्री श्रीनगरच्या नौगाम पोलीस ठाण्यात स्फोट झाला आणि नऊ जणांना प्राण गमवावे लागले. हा दुसरा स्फोट घातपात नव्हता, असे शासनाने सांगितले. फरिदाबाद येथे जप्त केलेल्या साठ्याचे नमुने घेण्याचे काम तेथे चालू होते आणि त्या कामातच तो अपघात घडला. मृतांत पोलीस होते आणि न्यायवैद्यक तज्ज्ञही होते. स्फोटके लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून जे झटत होते, त्यांचाच बळी गेला.

फरिदाबादेत सुमारे 2,900 किलो स्फोटके व ती बनविण्याची सामग्री हस्तगत केल्याचे पोलिसांनी जाहीर केले होते. त्यातला मोठा साठा भाड्याच्या खोल्यांत ठेवलेला होता. अतिरेकी विचारसरणी, तिचे पाठीराखे आणि सीमेपलीकडील सूत्रधार यांची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली आणि ती आवश्यकही होती. तथापि एका साध्या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एवढा माल कोणी तरी विकला असेल, कोणी तरी वाहून आणला असेल, कोणी तरी खोली भाड्याने दिली असेल. या वाटेवर कोठेच कोणी विचारले नाही का की, हे काय आहे, कोणासाठी आहे आणि कशासाठी आहे?

हा प्रश्न दिल्लीचा किंवा श्रीनगरचाच आहे, असे यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाने समजू नये. तो आपल्या शेतातील विहिरीपर्यंत येऊन पोहोचणारा प्रश्न आहे.

यवतमाळच्या भूमीत सुरुंग

आपल्या जिल्ह्यात स्फोटके ही नवलाची वस्तू नाही. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. वरची काळी माती आणि त्याखालचा मुरूम संपला की कुदळ थांबते आणि पुढे सुरुंगाशिवाय विहीर खाली जात नाही. पूर्वेकडे वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागांत भूगर्भ बदलतो. तेथे कोळसा आहे, चुनखडी आहे. वणी तालुक्यात वेकोलिच्या खाणी आहेत. राजूरचा चुना सर्वपरिचित आहे. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा आहे. त्याशिवाय ठिकठिकाणी गिट्टीच्या खदानी आहेत. या सर्व उद्योगांत खडक फोडण्यासाठी स्फोटके लागतात. ती कायदेशीर आहेत, गरजेची आहेत आणि त्यांवर हजारो कुटुंबांची चूल पेटते.

विहिरींचे महत्त्व तर वेगळे सांगणे नलगे. कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्यात पाणी म्हणजे जगण्याचा आधार. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. धडक सिंचन विहिरींचा कार्यक्रम आला, रोजगार हमीतून विहिरी आल्या. विहीर मंजूर झाली की ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर बसविलेला माणूस येतो, खडकात भोके पाडतो, त्यांत कांड्या भरतो, बार उडवितो आणि पुढच्या गावी निघून जातो. त्याला सारे गाव 'ब्लास्टिंगवाला' म्हणते. त्याचे पूर्ण नाव, त्याचा परवाना, त्याच्याकडील माल कोठून आला याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दर काय आणि कधी येणार, एवढेच विचारले जाते.

त्या कांड्यांना आपण आजही 'जिलेटिन' म्हणतो. वस्तुतः नायट्रोग्लिसरीनवर आधारलेल्या जुन्या पद्धतीच्या कांड्यांचे उत्पादन आपल्या देशात 2004 साली बंद करण्यात आले. आज बाजारात मिळतात ती तुलनेने सुरक्षित अशी स्लरी व इमल्शन प्रकारची स्फोटके. जुने नाव मात्र टिकले आणि त्याबरोबर जुनी बेफिकिरीही टिकली.

कायदा काय मागतो

या विषयावर आपल्या देशात मुख्यतः दोन कायदे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला 1884 चा स्फोटके कायदा. उत्पादन, साठा, विक्री, वाहतूक, आयात आणि वापर यांचे नियमन तो करतो. त्याखाली 2008 चे स्फोटके नियम व 2012 चे अमोनियम नायट्रेट नियम झाले. दुसरा 1908 चा स्फोटक पदार्थ कायदा. तो गुन्हेगारासाठी आहे. जीवितास धोका पोहोचेल असा स्फोट घडविणे, त्याची तयारी करणे, संशयास्पद रीतीने स्फोटके बाळगणे यांसाठी त्यात जन्मठेपेपर्यंत आणि विशिष्ट घातक स्फोटकांच्या बाबतीत त्याहूनही कठोर शिक्षा आहेत.

पहिल्या कायद्याची अंमलबजावणी करणारी मुख्य संस्था म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना. 'पेसो' या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. मुख्य स्फोटके नियंत्रक तेथे बसतात. काही मर्यादित प्रकारचे परवाने जिल्हाधिकारी देतात आणि कोठाराच्या जागेसाठी त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते.

नियमांचा तपशील मोठा आहे, पण त्यामागची कल्पना कोणत्याही गृहिणीला कळेल इतकी सोपी आहे. घरातील धान्य किती आले, किती शिजले, किती उरले, हे जसे तिला ठाऊक असते, तसेच स्फोटकाच्या प्रत्येक पेटीचे असले पाहिजे. विकणाऱ्याने परवानाधारकालाच विकावे. घेणाऱ्याने परवान्यात लिहिलेल्या मर्यादेतच घ्यावे. ठरलेल्या वाहनातूनच न्यावे. वस्तीपासून ठरावीक अंतरावरील कोठारातच ठेवावे, आणि तेथेही कांड्या व डिटोनेटर वेगवेगळे ठेवावेत. वापर प्रमाणपत्रधारक शॉटफायररनेच करावा. आलेला, वापरलेला आणि उरलेला माल वहीत लिहावा व त्याचे विवरण नियंत्रकाला पाठवावे. चोरी झाली वा माल कमी भरला तर तत्काळ कळवावे. अठरा वर्षांखालील मुलाला या कामात गुंतविता येत नाही. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यावरही बंधन आहे.

या साखळीतील प्रत्येक कडी एका माणसाच्या शब्दावर उभी आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. अधिकारी प्रत्येक कांडीमागे उभा राहू शकत नाही. म्हणून कायदा अर्जदाराला विचारतो आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवतो. याच कारणास्तव 1884 च्या कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की, महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळविलेला परवाना रद्द करता येतो. अर्जातील असत्य ही येथे किरकोळ लबाडी मानलेली नाही. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बहुधा न्यायालयातील पिंजऱ्यापुरती समजतो. साठ्याच्या वहीतील सही हीदेखील साक्षच आहे.

1908 ची आठवण

या कायद्यांचा उगम मात्र विश्वासातून झालेला नाही, हेही मराठी वाचकाने विसरू नये. 30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्ब फेकला गेला आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 8 जून रोजी, स्फोटक पदार्थांचा कायदा संमत झाला. दुसऱ्याच दिवशी लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. त्या व त्याआधीच्या लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला भरला जाऊन त्यांना सहा वर्षे मंडालेस जावे लागले. त्या खटल्यात सरकारने एक पोस्टकार्ड पुरावा म्हणून पुढे आणले होते. झडतीत सापडलेल्या त्या कार्डावर स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे होती. नव्या कायद्यातील व्याख्येची चर्चा करायची म्हणून ती टिपून ठेवली होती, असे टिळकांनी सांगितले. पुस्तकाचे नाव टिपणेही संशयास्पद ठरावे, असा तो काळ होता.

परकीय सरकारला प्रजेची भीती होती म्हणून कायदा आला. स्वतंत्र देशात तोच कायदा प्रजेच्या रक्षणासाठी वापरायचा आहे. हा पालट केवळ राजमुद्रा बदलून होत नाही. शासनाने नागरिकावर विश्वास ठेवावा आणि नागरिकाने तो विश्वास सार्थ करावा, अशी दुहेरी जबाबदारी त्यात आहे. आपण या दोन्ही बाबतींत कोठे आहोत, हे काही घटनांवरून तपासून पाहू.

खोट्या नोंदीची किंमत

पहिली घटना 2010 ची. राजस्थानातील ढोलपूर येथील कारखान्यातून मध्य प्रदेशातील सागर येथे निघालेले स्फोटकांचे साठाहून अधिक ट्रक ठिकाणी पोहोचलेच नाहीत, असे त्या वर्षी उघडकीस आले. ज्याच्या नावे माल निघाला, त्याच्या परवान्याची मुदत आधीच संपलेली होती. म्हणजे चोरी रात्री कुलूप तोडून झालेली नव्हती. कागदपत्रांसह, दिवसाढवळ्या, ट्रकांमागून ट्रक निघत होते. परवाना चालू आहे का, एवढे एका माणसाने पाहिले असते तरी पहिलाच ट्रक थांबला असता.

दुसरी घटना 12 सप्टेंबर 2015 ची आणि ती आपल्या अधिक जवळची आहे, कारण तिचा संबंध विहिरींशीच आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात पेटलावद येथे बसस्थानकाच्या परिसरात सकाळच्या वर्दळीत स्फोट झाला. प्रथम गॅसचा सिलिंडर फुटला, असे सर्वांना वाटले. नंतर कळले की, जवळच्याच एका दुकानवजा खोलीत विहिरी व खाणकामासाठी लागणाऱ्या जिलेटिनच्या कांड्या व डिटोनेटर साठविलेले होते. पाऊणशेहून अधिक माणसे मेली. त्यांत चहा पिणारे होते, बसची वाट पाहणारे होते, मजुरीला निघालेले आदिवासी होते. साठा करणारा हा स्फोटकांचा नेहमीचा व्यापारी होता, अतिरेकी नव्हता. कोठार दूर आहे, ये-जा महाग पडते, ग्राहक गावात येतो. म्हणून माल गावातच ठेवावा, इतकाच त्याचा हिशेब असावा. अशी सोय कोणत्याही तालुक्याच्या गावी होऊ शकते, हे या घटनेचे खरे भय आहे.

तिसरी घटना आपल्या महाराष्ट्राची. 12 मार्च 1993 च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत 257 माणसे मारली गेली. त्यासाठीची शस्त्रे व आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथे, जानेवारी-फेब्रुवारीत उतरविण्यात आले होते. वाटेत पोलिसांनी वाहन अडविले होते; परंतु लाच घेऊन सोडून दिले. सीमाशुल्क खात्यातील अधिकाऱ्यांचेही हात त्यात गुंतलेले होते. न्यायालयाने त्यांपैकी अनेकांना दोषी ठरविले आणि 21 मार्च 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या यंत्रणांवर कठोर ताशेरे ओढले. नेहमीच्या चोरट्या चांदीचा माल असेल, असे समजून आपण सोडले, असा बचाव त्यांच्यापैकी काहींनी केला. त्यात तथ्य आहे असे क्षणभर मानले तरी दोष कमी होत नाही. पैसे घेऊन न पाहण्याचे ज्याने कबूल केले, त्याने आत काय आहे हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याला विकला.

अमोनियम नायट्रेटची कथाही अशीच आहे. खनन उद्योगात मोठ्या प्रमाणावर लागणारा हा पदार्थ दीर्घकाळ सैल नियमांखाली विकला जात होता. 13 जुलै 2011 रोजी मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस व दादर येथे स्फोट झाले. त्यांत तो वापरला गेल्याचे निष्पन्न झाले आणि त्याच महिन्यात केंद्राने 45 टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेले मिश्रण स्फोटक म्हणून घोषित केले. 2012 मध्ये स्वतंत्र नियम आले. 4 ऑगस्ट 2020 रोजी बैरुतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेला सुमारे 2,750 टनांचा साठा फुटून दोनशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा आपल्याकडे नियम पुन्हा कडक झाले. शेतकरी बांधवांनी येथे गोंधळून जाऊ नये. कृषी केंद्रात मिळणारा युरिया हा वेगळा पदार्थ आहे आणि त्यासाठी या परवान्याची गरज नाही.

परवाना देणाऱ्यांचे काय

आतापर्यंत आपण परवाना घेणाऱ्यांविषयी बोललो. न्यायाने बोलायचे तर परवाना देणाऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. जानेवारी 2024 मध्ये सीबीआयने नागपूरच्या पेसो कार्यालयातील दोन उपमुख्य नियंत्रकांना 10 लाख रुपयांच्या लाचेच्या आरोपावरून अटक केली. राजस्थानातील एका कारखान्याला डिटोनेटरविषयक परवानगी देण्याशी हे प्रकरण निगडित होते. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, देशाच्या स्फोटकांची किल्ली ज्या कार्यालयात आहे, तेथे असा आरोप होणे हीच चिंतेची बाब आहे.

आणि परवाना असला म्हणजे सर्व काही सुरक्षित, असेही नाही. आपल्याच विदर्भात 17 डिसेंबर 2023 रोजी नागपूरजवळ बाजारगाव येथील स्फोटक कारखान्यात नऊ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत सहा महिला होत्या. 13 जून 2024 रोजी धामणा येथे, 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत पुन्हा तेच घडले. भंडाऱ्यात आठ जण गेले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळ सोनेगाव येथे जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात सहा जणांचा बळी गेला. या सर्व जागा अधिकृत होत्या. पुलगाव तर वर्धा नदीच्या पलीकडे, आपल्या जिल्ह्यापासून जवळच आहे. तेव्हा परवाना ही सुरक्षिततेची सुरुवात आहे, शेवट नव्हे. परवान्यातील अटी दररोज पाळल्या जातात का, हे पाहणारा डोळा लागतो. तो डोळा मिटून घेण्यासाठी पैसे दिले-घेतले गेले, तर भिंतीवर लावलेला परवाना म्हणजे केवळ एक चौकट उरते.

शिक्षेचे स्वरूपही विचार करण्यासारखे आहे. नियम मोडून स्फोटके बाळगणे, विकणे, वापरणे वा वाहून नेणे यासाठी 1884 च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 3,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली होती. 2024 साली या कायद्याच्या जागी नवे विधेयक आणण्याचा मसुदा केंद्राने प्रसृत केला, त्यात हा दंड 50,000 रुपयांपर्यंत नेण्याचे सुचविले होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 288 मध्ये स्फोटकांबाबत निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद वा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. मोठ्या व्यापाऱ्याला अशा दंडाचे भय वाटणार नाही. परंतु केवळ दंड वाढविल्याने सत्य वाढेल, असेही आमचे मत नाही.

न फुटलेला बार

कागदावरील नोंदीला एवढे महत्त्व का द्यायचे, असे कोणी विचारील. उत्तर विहिरीच्या तळाशी आहे.

समजा, संध्याकाळी विहिरीत दहा भोके भरली. बार उडाले. आवाज मोजणाऱ्याला नऊच ऐकू आले, किंवा कोणी मोजलेच नाहीत. ब्लास्टिंगवाला घाईत आहे, त्याला दुसऱ्या गावी जायचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर पहार व घमेले घेऊन खाली उतरतो. दगडांच्या ढिगाखाली न फुटलेला बार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पहारीचा पहिला घावच त्याचा शेवटचा ठरू शकतो.

प्रशिक्षित शॉटफायरर असेल तर तो भोके मोजतो, आवाज मोजतो, थांबतो, स्वतः उतरून तपासतो आणि संशय असेल तर कोणालाही उतरू देत नाही. दहा भरले, नऊ फुटले, ही नोंद म्हणजे त्या मजुराचे आयुष्य आहे. परवान्याची व्यवस्था हे शिकविण्यासाठी आणि याची जबाबदारी एका नावावर ठेवण्यासाठी आहे. काम चोरून झालेले असेल, तर अपघातही चोरूनच ठेवण्याचा मोह होतो. 'विहिरीत पडून मृत्यू' एवढेच लिहिले जाते. कायद्याने स्फोटाच्या अपघाताची खबर देणे बंधनकारक आहे. परंतु खबर दिली तर माल कोठून आणला हेही सांगावे लागते. मग विधवेच्या हाती थोडे पैसे ठेवले जातात आणि नुकसानभरपाईचा तिचा हक्क त्या खोट्या ओळीखाली गाडला जातो.

उरलेल्या कांड्यांचा प्रश्नही असाच. विहीर झाली, चार कांड्या उरल्या, त्या परत करण्याऐवजी कोणाला तरी दिल्या जातात. त्या नदीच्या डोहात मासे मारण्यासाठी जातात, किंवा रानडुकरांसाठी बांधावर ठेवल्या जाणाऱ्या गावठी बॉम्बच्या कामी येतात. पाण्यात स्फोट करून मासे मारण्यास 1897 पासून कायद्याने मनाई आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? बांधावरचा बॉम्ब रानडुक्कर आणि गाय यांत भेद करीत नाही, आणि गुराखी पोराचा हात व रानडुकराचा जबडा यांतही करीत नाही.

हा जिल्हा परवान्याच्या बेफिकिरीची किंमत याआधी मोजून बसला आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीटकनाशकांनाही परवाना लागतो, विक्रेत्यालाही लागतो. तरीही विनापरवाना औषधे व मिश्रणे शेतापर्यंत पोहोचली आणि फवारणाऱ्याच्या हाती ना मोजे होते, ना माहिती. पदार्थ वेगळा, पण साखळी तीच. वरच्या प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे असत्य चालवून घेतले गेले आणि त्याची सारी बाकी सर्वांत खालच्या माणसाने चुकविली.

प्रामाणिक वाट सोपी करावी

येथे शेतकऱ्याची बाजू मांडणे आवश्यक आहे. त्याला कायदा मोडण्याची हौस नाही. परवानाधारक माणूस तालुक्यात शोधायचा कोठे, त्याचा दर किती, तो दोन एकराच्या शेतात येईल का, हे त्याला सांगणारे कोणी नाही. पावसाळ्यापूर्वी विहीर बांधून झाली नाही तर अनुदानाचा हप्ता अडतो. अशा वेळी जो दारी येतो, त्यालाच तो काम देतो. खाण कंपनीजवळ स्वतःचे कोठार, अधिकारी आणि वकील असतात. नियमांचा सारा भार मात्र ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याच्या खांद्यावर पडतो. प्रामाणिक राहणे एवढे कठीण करून ठेवायचे आणि मग अप्रामाणिकपणाबद्दल गरिबाला दटावायचे, हा न्याय नव्हे.

म्हणून काही गोष्टी शासनाकडे मागितल्या पाहिजेत. प्रत्येक तालुक्यातील परवानाधारक व प्रमाणपत्रधारक शॉटफायररांची यादी मराठीत, दूरध्वनी क्रमांक व परवान्याच्या मुदतीसह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. सिंचन विहिरीचे देयक मंजूर करताना सुरुंगाचे काम कोणत्या परवान्यावर झाले, ते पाहिले जावे आणि अधिकृत कामाचा खर्च अनुदानात धरला जावा. विहिरींवर वर्षानुवर्षे काम करून हात बसलेल्या तरुणांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र मिळण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी. त्यांना गुन्हेगार ठरविण्यापेक्षा कायद्याच्या कक्षेत आणणे देशाच्या अधिक हिताचे आहे. इलेक्ट्रिक डिटोनेटर 2025 पासून बंद करण्याचा निर्णय केंद्राने घेतला व इलेक्ट्रॉनिक प्रकाराकडे वळण्यास सांगितले. सुरक्षेच्या दृष्टीने तो योग्य आहे. पण वाढीव खर्च लहान शेतकऱ्याला पेलवेल का, याचा विचार त्याबरोबरच व्हायला हवा, नाही तर जुन्या मालाचा चोरटा बाजार उभा राहील.

आणि काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. विहिरीचे काम देताना परवाना व प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. त्यावरील नाव आणि समोरचा माणूस एकच आहे ना, मुदत शिल्लक आहे ना, एवढे पाहण्यास विशेष शिक्षण लागत नाही. भाड्याने घेतलेल्या परवान्यावर चालणारे काम नाकारावे, मग ते स्वस्त का असेना. किती भोके भरली आणि किती फुटली, हे बार उडविणाऱ्याकडून मजुरांसमोर वदवून घ्यावे. उरलेला माल आपल्या गोठ्यात वा घरात एक रात्रही ठेवू देऊ नये. बेवारस कांडी वा वायर लावलेली टोपी दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवावे. आपली जागा कोणी साठवणुकीसाठी मागत असेल, तर पेट्यांत काय आहे ते विचारावे, आणि उत्तर टाळले गेले तर भाडे नाकारावे. साठ्याच्या वहीवर सही करण्याची नोकरी आपल्यापैकी कोणाची असेल, तर मोजल्यावाचून सही करू नये. वरिष्ठाने आग्रह धरला तरी करू नये.

4 डिसेंबर हा संत बार्बराचा सण. खाणकामगार आणि सुरुंग उडविणारे यांची ती आश्रयदाती मानली जाते. वणी परिसरातील आपल्या अनेक कुटुंबांचा चरितार्थ खाणींवर आहे. त्या दिवशी प्रार्थनेनंतर धर्मग्रामाच्या सभागृहात खाण सुरक्षा अधिकारी व एखाद्या अनुभवी शॉटफायररला बोलावून सर्व धर्मांच्या विहीर-मजुरांसाठी तासाभराची माहिती ठेवता येईल. त्यासाठी फारसा खर्च नाही. ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी कळविले, तर पुढच्या उन्हाळ्यात ज्यांच्या विहिरी खोदल्या जाणार आहेत, ते शेतकरीही येतील.